अक्कांच्या नावावर गेलेलं बीपी

आधी नावं सांगतो. अक्का आणि अण्णा. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत अण्णांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि दुकानावरच्या माडीत ते दोघं राहायचे. आज मला दवाखान्यातली मशिनं दुरुस्त करणारा माणूस म्हणून लोक ओळखतात, बसायला खुर्ची देतात — ते या दोघांमुळं. हे पहिल्यांदा लिहून ठेवतो. पुढचं वाचल्यावर तुम्हाला ते खरं वाटणार नाही, म्हणून.

आणि पुढचं मी कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, भावाला नाही. दोनदा तोंडापर्यंत आलं होतं, दोन्ही वेळा मी विषय बदलला. मला ते चांगलं जमतं.

माझं गाव हिंगोलीकडं. शाळा नववीत सुटली. सुटली असं मी सगळ्यांना सांगतो — खरं तर मी सोडली. इंग्रजीच्या तासाला उभं राहून वाचायला लागायचं आणि पोरं हसायची, एवढंच कारण. घरात उपासमार नव्हती, बाप आजारी नव्हता. नुसती भीती. नव्वद सालानंतर चार-पाच वर्षांनी गावातल्या एकाच्या ओळखीनं कोल्हापूरच्या फाउंड्रीत आलो. भट्टीचा जाळ मला झेपला नाही. तिसऱ्या महिन्यात अंगभर फोड आले, मुकादमानं घरी जा म्हणून सांगितलं. घर होतं दीड दिवसाच्या प्रवासावर, आणि कुठल्या तोंडानं जायचं? अण्णांच्या दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. त्यांनी गावाचं नाव विचारलं, फोड बघितले आणि म्हणाले, तार गुंडाळायला बस, सावलीतलं काम हाय.

जिन्याखालची खोली अक्कांनी दिली. अक्का शिरोळकडच्या, घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. मला त्या तम्मा म्हणायच्या — तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. पहिल्या आठवड्यात मी दुसऱ्या भाकरीला नको म्हटलं, तर भाकरी ताटात टाकून म्हणाल्या, "तम्मा, पोटाला लाजायचं आसंल तर गावाकडं जाऊन लाज. हितं न्हाय." आठ-नऊ वर्षं मी त्यांच्या हातचं खाल्लं. ताप आला तर उशाशी त्याच बसल्या. आता बघा मी काय केलं.

अण्णांच्या दुकानात एक साहेब यायचे. इंजिनिअर माणूस, दवाखान्याची उपकरणं बनवायचे. छोटे ट्रान्सफॉर्मर आमच्याकडून गुंडाळून न्यायचे. माझं सोल्डरिंग त्यांना आवडलं. त्यांनी अण्णांकडं मला मागितलं आणि मला विचारलं, शिक्षण किती? मी म्हणालो, बारावी सायन्स. अण्णा शेजारीच उभे होते. त्यांना नववीचंही ठाऊक नव्हतं — मी कधी सांगितलंच नव्हतं. ते उलट अभिमानानं फुगले. पोराच्या हाताला शिस्त हाय, साहेब, मी जामीन ऱ्हातो, असं म्हणाले. माझ्या खोट्याला अण्णा जामीन राहिले.

मोबाईल ज्याच्या त्याच्या हातात आले त्या दिवसांत साहेबांनी एक डबा बनवला. मनगटाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं. पट्टा फुगतो, बीपी मोजतो आणि डब्यातल्या सिमकार्डातून आकडा थेट डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर जातो. म्हणजे बीपीच्या माणसानं महिन्याला एस.टी.नं दवाखाना गाठायला नको, डॉक्टरांनी घरी यायला नको. डॉक्टर तिथं बसून आकडे बघणार आणि गोळी कमी-जास्त करणार. साहेबांनी विचार करून बनवला होता, हे मी कबूल करतो. दंडाला पट्टा असला तर बायकांना ब्लाउजची बाही वर करायला लागते, परक्या माणसासमोर त्या करणार नाहीत — म्हणून मनगट. ते सारखं म्हणायचे, वापरणाऱ्याला विचारून वस्तू बनवायची, आपल्या मनानं नाही. खोटं नव्हते बोलत. म्हणूनच तर त्यांनी पहिले डबे घरोघर ठेवले आणि मला एक फॉर्म दिला.

फॉर्म इंग्रजीत होता. प्रोग्राम लिहिणारी पोरं बंगळूरची, त्यांना मराठी कुठलं कळणार? खाली मोठा रिकामा चौकोन होता — वापरताना काय अडचण आली, माणूस जे बोलेल ते तसंच्या तसं लिही. साहेबांनी विचारलं, इंग्रजीत जमेल ना? नसलं तर मराठीत लिही, मी करून घेतो.

ऐकलं ना? नसलं तर मराठीत लिही. दार सताड उघडं ठेवलं होतं त्या माणसानं. आणि मी म्हणालो, जमतंय की साहेब.

का म्हणालो? बारावी सायन्सवाला मराठीत का लिहील? एवढंच. याच्यापेक्षा मोठं कारण मी इतकी वर्षं शोधतोय. सापडत नाही.

गारगोटीच्या वाटेवर काही घरं, जयसिंगपूरकडं काही, दोन-तीन कोल्हापुरात. पहिला डबा मी अक्कांच्या घरी बसवला. त्यांना बीपी जुनंच होतं. केवढा तोरा होता मला — माझ्या कंपनीचं मशीन, माझ्या अक्काच्या घरी.

आणि पहिल्याच घरापासून मला कळलं की पट्टा बसत नाही.

बांगड्या. दुसरं काही नाही, बांगड्या. इकडच्या बायका हिरवा चुडा भरतात. हाताला साबण लावून, हाडं दाबून कासार एक एक बांगडी चढवतो, इतकी घट्ट. मनगटापासून चार बोटं वर नुसती काच. वर सरकवायला गेलं की निम्म्यात अडकते. आणि काढायची कशी? नवरा जिवंत असताना सवाष्ण रिकामं मनगट ठेवत नाही. पट्टा काचेवर बांधला की फुगायचा, किर्र वाजायचा, लाल दिवा लावायचा. दोनदा-तीनदा लाल लागला की आकडा जायचाच नाही. साहेबांच्या आईच्या हातात एकच सैल सोन्याची बांगडी होती. ती मी बघितली होती. त्यांनी त्या हातावर पट्टा बांधून बघितला होता, आणि बसला होता.

हे मला बायकांनी सांगितलं. ओरडून सांगितलं. गारगोटीकडच्या एका घरी तर एक म्हातारी पट्टा माझ्या अंगावर टाकून म्हणाली, "पावणं, ह्यो पट्टा ज्यानं केला त्याच्या घरात बाईमाणूस न्हाय का?" तिची सून पदर तोंडावर घेऊन हसत होती. मी पण हसलो. अंगणात बसून फॉर्म काढला. माणूस जे बोलेल ते तसंच्या तसं लिहायचं होतं. त्या चौकोनात मी लिहिलं — OK.

दोन अक्षरं. मला बिनचूक येणारी इंग्रजीची दोनच अक्षरं होती काय? पुढच्या घरी OK. जयसिंगपूरला OK. एका बाईनं मला मनगट दाखवलं, पट्ट्याखाली काच तडकून रक्त आलं होतं — तिथं पण OK. सगळे फॉर्म मी नीट लावून, पिना मारून साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेबांनी माझी पाठ थोपटली. कुणाचीच तक्रार नाही म्हणाले. बंगळूरच्या पोरांनाही तसंच कळवलं. एवढ्या बायका एवढं बोलल्या आणि माझ्यापाशी येऊन सगळ्या मुक्या झाल्या. आज कुठल्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की वापरणाऱ्यांची तक्रार नाही, की माझं डोकं फिरतं. मी विचारतो, लिहून कुणी आणलं? लोकांना वाटतं मी फार तळमळीचा माणूस आहे.

पण आकडे तर जायला हवे होते. ज्या घरचा आकडा आला नाही, ते नाव कॉम्प्युटरवर लाल व्हायचं. दर सोमवारी साहेब लाल नावं वाचायचे आणि माझ्याकडं बघायचे. ओरडायचे नाहीत. नुसते बघायचे. मला वाटायचं, हे आता विचारणार, मशीन ठीक आहे, तक्रार नाही, मग आकडा का येत नाही?

एकदा अक्कांनी माझं तोंड बघितलं आणि विचारलं, बोलणी बसली का तम्मा? मी सांगितलं, तुमच्या घरचं नाव लाल झालं. त्या सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपून बसायच्या, पट्ट्याशी झटायच्या, दमायच्या. माझ्यासाठी झटायच्या हो — त्यांना त्या आकड्याचं काही पडलं नव्हतं. त्या दिवशी मी मोरीत हातपाय धुवायला गेलो तशी त्यांनी जिन्यातून अण्णांना हाक मारली; दाराच्या फटीतून मला दिसत होतं, पण मी आत आहे हे अण्णांना ठाऊक नव्हतं. अण्णा आले, त्यांच्या मनगटाला पट्टा बांधला, बटण दाबलं. हिरवा दिवा. अण्णा खाली गिऱ्हाईक बघायला गेले, तसा मी बाहेर आलो. अक्का मला म्हणाल्या,

"तुझ्या मशीनला हातच पायजे न्हवं? घे की त्यांचा. चालतंय का रे?"

मी म्हणालो, "चालतंय की, अक्का."

हे बोलताना आम्ही दोघंच होतो. हे ध्यानात ठेवा.

तेव्हापासून अक्कांच्या नावावर अण्णांचं बीपी जायला लागलं. रोज, हिरव्या दिव्यानं. अण्णांची तब्येत दगडासारखी, आकडे बघून कुणीही खूश व्हावं. मला हे इतकं सोपं वाटलं की बाकीच्या घरांतही मीच सांगितलं — पट्टा वाजत असला तर घरातल्या गडीमाणसाच्या हाताला बांधा, आकडा गेला म्हणजे झालं. त्या बायकांनी मला मशीनचा माणूस समजून ऐकलं. सोमवारची लाल नावं संपली. त्या घरांत पुढं कुणाचं काय झालं मला माहीत नाही. मी कधी विचारायला गेलो नाही. जाताना एस.टी.च्या खिडकीतून ती घरं दिसायची, मी दुसरीकडं बघायचो.

दोनेक महिन्यांनी डॉक्टरांच्या कंपाउंडरनं माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. मी तिथं कॉम्प्युटर बघायला जायचो, तर तू त्यांच्या घरचाच, तूच दे म्हणाला. डॉक्टरांनी अक्कांचे आकडे बघितले होते. सगळे छान. गोळी निम्मी करा, आणि पंधरा दिवसांनी आकडे असेच राहिले तर बंद करा.

इंग्रजी येत नव्हतं म्हणून फॉर्म भरला नाही, असं तुम्ही एक वेळ म्हणाल. ही चिठ्ठी मराठीत होती. मी ती वाचली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभा राहून दोनदा वाचली. मला पूर्ण कळलं होतं की हे आकडे अण्णांचे आहेत आणि गोळी अक्कांची कमी होणार आहे. माझ्या मागं डॉक्टर वीस पावलांवर बसले होते. दार उघडं होतं. आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं — डॉक्टरसाहेब, हे अक्कांचं बीपी नाही. पण मग डॉक्टर विचारणार, तुला कधीपासून माहीत? आणि फॉर्मवर काय लिहिलंस? आणि मग ते सगळं मागं मागं जात नववीपर्यंत जाणार.

मी सायकलवर बसलो. घरी आलो. अक्का तांदूळ निवडत होत्या. चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या,

"कमी करू न्हवं, तम्मा? तू म्हणशील तसं."

डॉक्टरांचं नाव नाही घेतलं त्यांनी. तू म्हणशील तसं.

मी म्हणालो, "डॉक्टरांनी लिवलंय की, अक्का."

हाच माझा गुन्हा. आधीचं सगळं या एका वाक्यापर्यंत यायचं होतं म्हणून लिहीत आलो. भिऊन गप्प बसणं वेगळं. मी गप्प नव्हतो बसलो. मला विचारलं, आणि मी उत्तर दिलं.

गोळी निम्मी झाली, मग बंद झाली. महिनाभरात एका सकाळी अक्का भाकरी थापता थापता कलंडल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मीच रिक्षा आणली, मीच उचलून नेलं. अण्णा आजही लोकांना सांगतात, पोरगं नसतं तर हातची गेली असती. दवाखान्यात हात सुजला, सलाइन लावायला सिस्टरनं कात्रीनं बांगड्या फोडल्या. अण्णा म्हणाले, बाई, मी अजून हाय. सिस्टरला कळलं नाही ते काय म्हणतात. दुपारी डॉक्टर येऊन गेले. बीपी तर कायम व्यवस्थित होतं, कशानं झालं कळत नाही, असं म्हणाले. मी तिथंच उभा होतो. सलाइनची बाटली बघत.

डॉक्टर गेल्यावर अण्णांनी मला जिन्याच्या वळणावर नेलं. माझे दोन्ही हात धरले. अण्णांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं. म्हणाले,

"तुला ठाऊक न्हाय. तुझ्या मशीनला आम्ही फशिवलं. पट्टा माझ्या हाताला बांधत हुतो. मीच घात केला तिचा. तुझ्या सायबाला कळलं तर तुझी नोकरी जाईल, कुणाला बोलू नगंस."

त्या घडीलाही त्यांना माझ्या नोकरीची काळजी. आणि मी? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, जाऊ द्या अण्णा, झालं ते झालं. मी कुणाला सांगत नाही.

मी त्यांना माफ केलं. समजतंय का तुम्हाला? त्यांना. मी.

पुढं डबे पन्नासेक घरांत गेले. मग दवाखान्यातली एक सिस्टर जयसिंगपूरकडच्या एका घरी गेली, दहा मिनिटं बसली आणि परत येऊन साहेबांना म्हणाली, बांगड्यांवर कसा बसेल हो पट्टा? दहा मिनिटं लागली तिला. साहेबांनी दंडाचा पट्टा केला, पातळ साडीवरून, बाहीवरून बांधता येणारा. घरातल्या पोरीनं बांधून द्यायचा. तो चालला. मग साहेबांनी माझे फॉर्म काढले, एकेक OK बघितला आणि विचारलं, यातलं कुणीच तुला बोललं नाही? मी म्हणालो, "बायामाणसं, साहेब. लाजत्यात. परक्या गड्याला कशा बोलतील?"

ज्या म्हातारीनं पट्टा माझ्या अंगावर फेकला तिला मी लाजाळू करून टाकली. साहेबांनी मान हलवली. पुढच्या खेपेला बाईमाणूस पाठवायला पाहिजे म्हणाले. नोकरी राहिली. पगारवाढ झाली. आता तुम्ही म्हणाल, आता तरी संपलं असेल. नाही. अजून एक आहे, आणि ते लिहायला मला चार दिवस लागले.

अक्का त्यानंतर सहा वर्षं जगल्या. खाटेवर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, व्यायाम करून घेतला तर बोलणं थोडं थोडं परत येईल. एक बाई यायची, त्यांच्याकडून आ, ऊ म्हणवून घ्यायची. मी संध्याकाळी जाऊन बसायचो, पाय चेपायचो. शेजारचे म्हणायचे पोटच्या पोरानं करावं तसं करतोय. अक्का माझ्याकडं बघायच्या, ओठ हलवायच्या. "चालतंय की" मी म्हणालो होतो हे जगात फक्त त्यांना ठाऊक होतं. आणि मी पाय चेपता चेपता मनात म्हणायचो — बोलणं परत येऊ नये. एकदा नाही. पुष्कळदा. ज्या बाईनं मला दुसरी भाकरी वाढली तिची जीभ सुटू नये म्हणून मी तिच्या पायाशी बसून मागणं मागत होतो.

ते परत आलं नाही. तशाच गेल्या.

अण्णा आहेत. ऐंशीच्या पुढं गेलेत, एका कानानं ऐकू येत नाही. दुकान केव्हाच विकलं, जयसिंगपूरला लेकीकडं असतात. लेकीनं सांगितलं, मनगटावर घड्याळ बांधत नाहीत, कुणी राखी बांधायला आलं तरी हात मागं घेतात. का ते तिला कळत नाही. मला कळतं. माणसाला स्वतःच्या हाताची किळस यावी, आणि ती मी आणलेली असावी. फोनवर अजून म्हणतात, तू माझी चूक पोटात घातलीस बाबा, तुझे उपकार कुठं फेडू? आणि मी अजून — परवा सुद्धा — म्हणालो, उपकार कसले अण्णा.

मला हे कुणाच्या माथी मारायचं नाही. साहेबांनी मराठीत लिही म्हणून सांगितलं होतं. डॉक्टर वीस पावलांवर होते. बायका ओरडून बोलत होत्या. सगळे आपापल्या जागी बरोबर होते.

अण्णा, तुमचं देणं मी फेडीन. एक दिवस जयसिंगपूरला येईन, लेक घरात असताना, तुमच्या चांगल्या कानाशी बसेन आणि मोठ्यानं सांगेन, की मला ठाऊक होतं. अक्कांनी मला विचारलं होतं. चिठ्ठी मी वाचली होती. तुमचा हात तुम्हाला परत देईन. मग तुम्ही त्या हातानं काय करायचं ते तुम्ही ठरवा.